नाव माझं, नजर ताईची

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बंगळुरूत कॅमेऱ्यासमोर बसून तिचीच वाक्यं वाचत होतो. येऊ घातलेल्या एका व्हिडिओ गेमबद्दल तिने काही महिन्यांपूर्वी लिहून पाठवलेली. फोन खिशात थरथरत राहिला. मी वाचून संपवलं, मग उचलला. बाबा एवढंच म्हणाले, "प्रज्ञाले ट्रकनं उडवलं. ये." रसमड्याहून कामावरून परतताना, स्कूटीवर... आज सहा आठवडे झाले.

प्रज्ञाताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. बाबा भंडाऱ्याकडून भिलाईला आले, तिथल्या पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त झाले. आम्ही भिलाईतल्याच मरोद्यात वाढलो. ताई रसमड्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायची. जिने, कठडे, शेडचे खांब. घरी आली की गेम खेळायची. पावर हाउस भागातल्या बाजारातून एकेक जुना पार्ट आणून तिने स्वतःचा कॉम्प्युटर जोडला होता. नवा गेम आला की ती शत्रूंच्या आधी जिने बघायची. "ही पायरी दीड फूट उंच आहे. इथं मानूस राहतच नाही, फक्त मरते," म्हणायची. एका गाजलेल्या गेममध्ये पोलादाची भट्टी होती. तिने बाबांना खुर्ची दिली आणि पडदा दाखवला. बाबा जरा वेळ पाहून म्हणाले, "इतक्या जवळ उभा राहिला तर भुवया जळून जातीन." तिने तेच आपल्या हिंदी लेखात लिहिलं, आणि त्या गेमची सगळी चमक एका वाक्यात उतरली. न आलेल्या गेमच्या ट्रेलरवर तर तिचा अजिबात भरवसा नव्हता. "मले पाहाले आलेले पोरं पन ट्रेलरमधी चांगलेच दिसत होते," म्हणून हसायची.

पहिला लेख तिने इंटरनेटवर स्वतःच्या नावाने टाकला होता. खालच्या प्रतिक्रियांत गेमबद्दल एक शब्द नव्हता. रोटी बेल, फोटो डाल, आणि इथे छापता न येणारं बरंच काही. तिसऱ्या दिवशी तिने तो काढून टाकला आणि माझ्याकडे आली. "तुझं नाव दे. मले वाचनारे पाह्यजेत, शिव्या नाही." मी कॉलेजात होतो, रिकामाच होतो. नाव दिलं, चेहरा दिला, आवाज दिला. ती लिहायची, मी कॅमेऱ्यासमोर वाचायचो. लोक 'मिलिंदभाई की नज़र' म्हणू लागले. त्या नजरेवर मला बंगळुरूत नोकरी लागली. खरं सांगतो, त्यातले अर्धे गेम मी शेवटपर्यंत खेळलोही नव्हतो.

एकदा सुट्टीत घरी आलो होतो. कपडे वाळत घालताना ती म्हणाली, "एकदा सांगून दे ना, का आपन दोघं मिळून करून राहिलो."

"आता सांगितलं तर लोक मलेच खोटा म्हंतीन, ताई."

"हो, ते बी आहे," म्हणाली आणि चिमटे लावत राहिली. मला हायसं वाटलं.

मग एका मोठ्या गेमची कच्ची आवृत्ती मला सगळ्यांच्या आधी मिळाली. मी ती ताईकडे पाठवली. तिने लिहिलं, हा अजून शिजलेला नाही, घेऊ नका. तसं वाचलं असतं तर गेम बनवणाऱ्यांनी मला पुन्हा दारात उभं केलं नसतं. मी ते बदलून 'थोडी वाट पाहा, कमाल होणार आहे' असं केलं. संध्याकाळी तिचा फोन आला.

"हे मी नाही लिहिलं."

"नाव माझं आहे, ताई."

"हो. तुझंच आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर तिने काही पाठवलं नाही. मी तिचं जुनं, साठवून ठेवलेलं वाचत राहिलो. घरी फोन केला की बाबांशीच बोलायचो.

ताईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर दुसऱ्या दिवशी मी बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मले माहीत होतं. लिहिताना पुटपुटे ना प्रज्ञा." मग माझ्याकडे न बघता, "तू कावून नाही सांगितलं लोकायले?" आजही हे कबूल करायला मी मराठी पुरवणी निवडली आहे. माझे हिंदी प्रेक्षक ती कधी उघडणार नाहीत, हे मला ठाऊक आहे.

त्याच दुपारी तिच्या खोलीत कॉम्प्युटर लावला. आमच्या भांडणानंतर तिने स्वतःच्या नावाचं एक पान सुरू केलं होतं. त्यावर एकच लेख होता, त्याच गेमवरचा, एक अक्षरही न बदललेला. खाली कुणाची तरी एकच प्रतिक्रिया: 'मिलिंदभाई का स्टाइल चुराना बंद करो, बहनजी।' आणि त्याखाली ताईचं उत्तर: 'जी, उन्हीं से सीखा है।'

त्या उत्तराखाली लिहायला एक रिकामी चौकट आहे. मी अजून बंगळुरूला परतलो नाही. रोज दुपारी तिच्या खुर्चीत बसतो, ते पान उघडतो, कर्सर त्या चौकटीत लुकलुकत राहतो... आणि बाबा चहाला हाक मारेपर्यंत मी एक शब्दही लिहीत नाही.