साडू पुढे, तो मागे

मोजणीवाला आणि बंदूकवाला गार्ड हे सख्खे साडू. मोजणीवाल्याची बायको थोरली, गार्डची धाकटी. साडू-साडूंचं पटत नाही म्हणतात, पण या दोघांचं चांगलंच सूत जमलं होतं, म्हणून राखीव रानातल्या जनावरांच्या मोजणीला साहेब त्यांची जोडीच लावायचे. उजाडलं की नकाशावर आखलेल्या रेषेवरून, उंच गवतातून नाकासमोर चालायचं. तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. हरणं, रानडुकरं, कोल्हे, जे दिसेल ते मोजायचं आणि किती लांब होतं ते टिपायचं. गार्ड पुढे, मोजणीवाला मागे.

गार्डला ऐकू कमी येतंय, हे मोजणीवाल्याच्या लक्षात आलं ते मागून मारलेल्या हाकांवरून. विचारलं, तर गार्ड आधी हसला. बायकोची बोलणी चुकतात, सुखी आहे म्हणाला. मग हसणं थांबलं.

"कुणाला सांगू नका, साडूभाऊ. मला ऑफिसात फायली उचलायला बसवतील."

मोजणीवाल्याने बायकोलाही ताकास तूर लागू दिली नाही. कुठे खुसफुस झाली की तो हातातल्या काठीने गार्डच्या पाठीला हळूच टोचायचा आणि बोटाने दिशा दाखवायचा. गाडं चाललं होतं.

त्या सकाळी कोरड्या ओढ्याकाठी लांबवर हरणांचा कळप दिसला. मोजणीवाला थांबला, दुर्बीण डोळ्याला लावली. गार्ड आपल्याच नादात पुढे गेला. तेवढ्यात झुडपात काहीतरी जोरात फुरफुरलं. काठी पोचेल इतका गार्ड जवळ नव्हता. मोजणीवाला जिवाच्या आकांताने ओरडला. कळप उधळला, दिसेनासा झाला. गार्ड मात्र चालतच होता. रानरेडा अंगावर आला तेव्हाही बंदूक त्याच्या खांद्यालाच होती.

दुसऱ्या दिवशी रेड्याला गोळी घातली. चोरट्या शिकाऱ्यांच्या फासाची तार त्याच्या मागच्या पायात हाडापर्यंत रुतली होती, पाय सडला होता. गार्डच्या तब्येतीत काही खोट होती का, असं साहेबांनी विचारलं. मोजणीवाला नाही म्हणाला.

गार्डचं तेरावं उरकून माणसांची ये-जा ओसरल्यावर मेहुणीने त्याला स्वयंपाकघरात बोलावलं. ती पातेलं घासत होती. वळली नाही.

"भावजी, त्यांना ऐकू येत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं ना?"

खोटं बोलायला त्याची जीभ उचलेना. "होतं."

"मलाही होतं," ती म्हणाली. "आणि मी रोज डबा भरून देत होते."

नळ वाहत राहिला. तो बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही. बहिणी-बहिणींचं जाणं-येणं पुढेही चालू राहिलं, पण ही दोघं पुन्हा कधी एका खोलीत थांबली नाहीत.

पुढच्या मोजणीला नवा गार्ड आला, तिखट कानाचा. पण मोजणीवाल्याला आता गप्प राहवेना. झुडूप दिसलं की तो खाकरायचा, हाक द्यायचा, काहीबाही बोलत सुटायचा. चाहूल लागताच जनावरं पसार व्हायची. साहेबांनी समजावून पाहिलं, दटावून पाहिलं, शेवटी त्याला जीपमधून होणाऱ्या मोजणीवर टाकलं. तिथे तो ड्रायव्हरला सारखा विचारायचा, "ऐकलंत का? आत्ता काही ऐकलंत?"

सुरुवातीला ड्रायव्हर इंजिन बंद करून कान द्यायचा. नंतर त्याने ते सोडून दिलं.