मधी यायचं न्हाई

"डोकं आमी चालवू. तू फकस्त पाय चालव."

नगरच्या मैदानावर, मध्यंतरात, सगळ्या टीमसमोर कप्तान मला असं म्हणाला. खेळाचे सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

मी तिसगावकडचा, महारवाड्यातला. कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये घेतला तो जोरात पळतो म्हणून. कप्तान बागायतदाराचा मुलगा. आमचा सगळा खेळ उजव्या विंगवरून. बॉल मला द्यायचा. मी कडेकडेनं कोपऱ्यापर्यंत न्यायचा, तिथून मध्ये उचलून टाकायचा. कप्तान डोक्यानं गोल करणार. डाव चांगला होता. मला अडवायला समोरचे कडेला ओढले जायचे, मध्ये रान मोकळं व्हायचं. त्यावर आम्ही मॅची जिंकलो. खांद्यावर मिरवला दर वेळी कप्तान.

पण नगरची पोरं हुशार. त्यांनी माझ्यावर दोघं लावले. बॉल मध्ये जाईना. आणि मी पुढं गेलो की माझ्या मागची सगळी कड उघडी. तिथूनच ते घुसले. आमच्यावर गोल झाला.

मध्यंतरात मी एवढंच म्हणालो, "मी वर गेलो की मागं कुनीतरी थांबा. आन् कड बंद आसली तर मी मधी घुसतो."

त्यावर त्याचं ते उत्तर. वर आणखी, "ह्यांना संगं घेतलं की आसंच हुतं. मधी यायचं न्हाई."

ह्यांना. मी तर एकटाच होतो. त्यानं सगळा वाडा आणून उभा केला.

माझ्या डब्यातली भाकरी खाणारा दोस्त बुटाची नाडी बांधत राहिला.

मध्यंतरानंतर पुन्हा तेच. दोघं माझ्या अंगावर. मध्ये कप्तान हात वर करून उभा. "टाक. टाक."

नाही टाकला. कडेची रेघ सोडली, दोघांच्या मधून आत शिरलो आणि स्वतः मारला. गोल.

बरोबरी झाली, आणि माझी टीम मयताला आल्यासारखी उभी. मॅच तशीच संपली.

सर म्हणाले, "कप्तानाची माफी माग. नाहीतर कॉलेजचा शर्ट काढून ठेव."

मी शर्ट काढून दिला.

"माफी न्हाई," मी म्हणालो. "आन् खेळ बी न्हाई सोडनार."

घरून तोच घालून आलो होतो, दुसरा शर्ट नव्हता. उघड्या अंगानं एसटी स्टँडवर गेलो. लोक बघत होते. बघू देत. तिथंच ठरवलं. वाड्यातली पोरं गोळा करायची. दुष्काळानं आटलेल्या तळ्यात खेळायचं. कोण कुठं खेळणार, ते आम्ही ठरवणार. आणि एक दिवस ह्याच कप्तानाच्या टीमसमोर उतरायचं, परवानगी न मागता.