विष विचारलं, तंबाखू नाही

“निकोटिन पॉयझनिंग,” डॉक्टरबाई म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी मराठीत सांगितलं, “तंबाखूची विषबाधा. बाबा, तुमच्या नातवानं तंबाखू खाल्लीय.”

मी म्हणालो, “तंबाखूनं कधी कुणी मरतं का?”

“एवढंसं पोर मरू शकतं,” असं म्हणून बाईंनी माझ्याकडं पाठ केली आणि नर्सला भराभर औषधांची नावं सांगायला लागल्या.

हे सत्याण्णव किंवा अठ्ठ्याण्णव साल असेल. मी सिन्नरचा. शाळा दुसरीपर्यंत, तीही अर्धी. म्हणून जसं बोलतो तसंच लिहितोय, चूकभूल वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावी. लिहायचं कारण एवढंच की आमच्यासारखी घरं पुष्कळ आहेत आणि त्या घरांतून पोरं रांगतात.

आमच्या घरात विड्या वळायचं काम. माझी आई वळायची, बायको वळते, सून मंदाही वळते. सकाळी पानं कापून झाली की दोघी ओसरीवर समोरासमोर बसतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला दोरा. बोटं चालू आणि तोंडही चालू. आमचा सागर तेव्हा सव्वा वर्षाचा. नुकता धरून धरून उभा राहायला लागला होता. तो त्या दोघींच्या मधेच खेळायचा. माझा अशोक असाच वाढला. मीही असाच वाढलो. यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

त्या दिवशी न्याहारी झाल्यावर मंदा सूप खाली ठेवून चुलीवरचं दूध उतरवायला आत गेली. बायको पाठमोरी बसून ओल्या फडक्यातली पानं काढत होती. मी अंगणात खाटेचा काथ्या ताणत होतो. एवढ्यात काय झालं ते कुणीच पाहिलं नाही. मंदा बाहेर आली तर सागरच्या तोंडाला तपकिरी लाळ. तिनं पदरानं पुसली. पोर मातीत खेळतं, तोंडाला काही ना काही असायचंच.

थोड्या वेळानं त्याला उलटी झाली. मग परत झाली. मग लाळ थांबेना. पोरगं पांढरं पडलं, घामानं भिजलं, आणि रडायचंही बंद झालं. पोर रडतंय तोवर माणसाला धीर असतो. रडणं बंद झालं तेव्हा मी काथ्या टाकून उठलो.

गल्ली गोळा झाली. गल्ली गोळा झाली की अक्कलही गोळा होते. कुणी म्हणे दात येतायत, कुणी म्हणे बाहेरचं झालं. शेजारची सखूबाई मीठ-मोहरी घेऊन आली आणि दृष्ट काढायला लागली. मी म्हणालो, “सखू, ती मोहरी तुझ्या आमटीत घाल. बाजूला हो.”

“आबा, तुमचा इस्वास नाय म्हणून पोराचा जीव घालवता का?” ती म्हणाली. सगळी गल्ली मला आबा म्हणते आणि आबालाच बोल लावते.

गावातल्या डॉक्टरनं उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं. त्याच्या टेबलावरच सागरचे हातपाय झटके खाऊ लागले. डॉक्टर म्हणाला, “माझ्या हातातलं नाही, नाशिकला न्या.” हे सांगायला त्यानं आम्हाला बाकड्यावर किती ताटकळत ठेवलं होतं, ते आठवलं तरी अजून डोकं तापतं.

स्टँडबाहेर जीप उभी होती. मंदा पोर घेऊन मागं चढली. ड्रायव्हर म्हणाला, “भरली की सोडतो.” मी म्हणालो, पोर सिरीयस आहे. तो म्हणाला, “बाबा, सगळ्यांनाच घाई असते. दोन सीट होऊ द्या.” मी जीपसमोर रस्त्यात मांडी घालून बसलो. म्हणालो, “भरली तरी जाऊन दाखव.” मागच्या सीटवर भाजीची पाटी घेतलेली एक बाई होती. ती ओरडली, “अरे मुडद्या, पोराचे ओठ बघ, निळे पडलेत. चल ना.” मग जीप हलली. त्या बाईचं नाव मला माहीत नाही. तिचं भलं होवो.

मोठ्या दवाखान्यात पोचलो. तिथं आधी एक खिडकी, मग दुसरी खिडकी. एक म्हणतो पेपर काढा, दुसरा म्हणतो आधी पेशंट दाखवा. मंदाच्या खांद्यावर पोर मान टाकून पडलेलं आणि मी खिडक्या मोजतोय. शेवटी एका तरण्या डॉक्टरनं त्याला ओढल्यासारखं घेतलं आणि टेबलावर निजवलं. नळी, सुई, काय काय सुरू झालं.

तो मला विचारत होता, “बाबा, घरात काही विषारी आहे का? रॉकेल, फिनेल, उंदराचं औषध, फवारणीचं औषध? पोरानं काही खाल्लं का?”

“नाही,” मी म्हणालो.

मंदा म्हणाली, “मामा, त्याच्या तोंडाला...”

“तू गप बस,” मी म्हणालो. “आमच्या घरात असलं काही नसतं, साहेब.”

आता इथं वाचणाऱ्यानं जरा थांबावं. मला तो प्रश्न कसा ऐकू आला ते सांगतो. मला वाटलं, हा पोरसवदा डॉक्टर म्हणतोय की तुम्ही गलिच्छ माणसं, विषाच्या बाटल्या पोरांपुढं टाकता. गरीब माणूस दवाखान्यात गेला की त्याला प्रत्येक प्रश्न पोलिसाचा वाटतो. मी ताठ झालो. आणि खोटं बोललो असंही नाही. आमच्या घरात रॉकेल वर फळीवर असतं, उंदराचं औषध आणतच नाही. तंबाखू? तंबाखू ही काय वस्तू आहे का? ती आमच्या भिंतीत आहे, अंथरुणात आहे, भाकरीला वास येतो तो तिचाच. नवा माणूस आमच्या ओसरीवर चढला की शिंकतो. आम्हाला तो वास येतच नाही. जे नाकाला कळत नाही ते तोंडावर कसं येणार?

मग डॉक्टर म्हणाला, मेनिंजायटिस असू शकतो. म्हणजे मेंदूज्वर, मेंदूच्या आवरणाला सूज. त्यासाठी लंबर पंक्चर करायचं, म्हणजे पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढायचं आणि तपासायचं. सही करा.

मी सही करीना. पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो असं आमच्याकडं सगळे म्हणतात. मी म्हणालो, “पोराला ताप नाही आणि मेंदूज्वर कुठनं आणला? मोठ्या डॉक्टरला बोलवा.”

“बाबा, वेळ घालवू नका.”

“वेळ मी घालवतोय? खिडकीवर कुणी घालवला?”

त्या भांडणात डॉक्टरबाई आल्या. वयानं मोठ्या, केस पिकलेले. त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलंच नाही. सागरची नाडी धरली, डोळ्यांत बॅटरी मारली, लाळ बघितली. म्हणाल्या, “नाडी फार मंद आहे. ताप खरंच नाही. यानं काय खाल्लंय?”

मी परत तेच. “आम्ही काय विष ठेवणारी माणसं आहोत का?”

माझ्या खांद्यावर टॉवेल होता. जीपमध्ये सागर मंदाकडं आणि माझ्याकडं आलटून पालटून होता, त्याच्या उलटीनं टॉवेल भरलेला. बाईंनी तो टॉवेल माझ्या खांद्यावरून ओढला आणि ट्यूबलाइटखाली धरला. त्यावर तपकिरी चुरा होता.

“हे काय आहे?”

“काही नाही. तंबाखू. ती आमच्या अंगाला कायम असते.”

“तुमच्या घरी काम काय करतात?”

“विड्या वळतात.”

बाईंनी टॉवेल तरण्या डॉक्टरच्या हातात दिला. मग बाई म्हणाल्या, “इतक्या वेळा विचारलं, तेव्हा का नाही सांगितलं?”

मी म्हणालो, “तुम्ही विष विचारलं. तंबाखू कुठं विचारली?”

आजही मला वाटतं की माझं म्हणणं बरोबर होतं. सिन्नरकडचा माणूस समोर उभा आहे, तर तंबाखू विचारायला काय जातं? पण बरोबर असून काय करायचं, पोर टेबलावर होतं.

यानंतर पाठीतलं पाणी काढायचं राहिलं. नाकातून पोटात नळी घातली आणि त्यातून कोळशाची काळी भुकटी पाण्यात कालवून सोडली. तिला अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल म्हणतात, पोटात उरलेलं विष ती शोषून घेते. नाडी वाढावी म्हणून अ‍ॅट्रोपिन नावाचं इंजेक्शन दिलं. तोंडावर ऑक्सिजन लावला. बाईंनी समजावलं की निकोटिनवर उतारा म्हणून एकच असं औषध नाही. शरीर ते स्वतः बाहेर टाकतं. तोवर श्वास चालू ठेवायचा आणि नाडी सांभाळायची. याला ऑब्झर्व्हेशन म्हणतात, म्हणजे लक्ष ठेवणं.

लक्ष ठेवायला आत फक्त आई. मी बाहेर. बाहेर बसणं हा सगळ्यात वाईट आजार आहे. बाकड्यावर बसलो तर वॉर्डबॉय म्हणतो, इथं बसू नका. जिन्यात बसलो तर झाडूवाली म्हणते, पाय उचला. कुणी दार उघडून बाहेर आलं की मी उठायचो, आणि तो माणूस दुसऱ्याच कुणाला हाक मारायचा. मी आयुष्यभर हातानं काम केलेला माणूस. पडकी भिंत बांधली, विहिरीत उतरलो. इथं हाताला कामच नाही.

मग मी काय केलं? फाटकाबाहेर गेलो, डबी काढली, तंबाखू चुन्यात मळली आणि दाढेखाली ठेवली. खोटं कशाला लिहू. तोंडात गेल्यावर कळलं की आपण काय करतोय. थुंकली. थुंकून परत आत आलो आणि डोकं आणखीच दुखायला लागलं.

संध्याकाळी पाळी सुटल्यावर अशोक कारखान्यातून थेट आला. वाण्याच्या फोनवर निरोप गेला होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “आबा, मंदा सांगत होती ना? तुम्ही तिला बोलू का दिलं नाही?”

“मला काय माहीत ती काय सांगणार होती?”

“तेच तर म्हणतोय,” तो म्हणाला. आणि माझ्यापासून लांब, दुसऱ्या भिंतीला टेकून उभा राहिला. माझ्या पोरानं माझ्याशी असं वागलेलं मला एरवी चाललं नसतं. त्या दिवशी चालवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदा दारात आली. तिचे डोळे सुजलेले. म्हणाली, “मामा, त्यानं नाकातली नळी उपटली.” मला वाटलं आता संपलं. ती म्हणाली, “नर्सबाई हसली. म्हणाली, उपटतोय म्हणजे बरा हाय.”

मी तिच्याकडं बघून एवढंच म्हणालो, “तू जेवली का काही?” दुसरं मला बोलता येत नाही.

घरी सोडताना बाईंनी सांगितलं ते तुमच्यासाठी लिहितो. पोरानं तंबाखू, विडीचं थोटूक, मिश्री, गुटखा, काहीही खाल्लं तर घरी मीठपाणी पाजून उलटी काढू नका, ती फुप्फुसात जाऊ शकते. तोंडातलं बोटानं पुसून काढा आणि निघा. जे खाल्लं असेल ते कागदात बांधून सोबत न्या. आणि डॉक्टर विचारतील तेव्हा घरात जे जे आहे ते सांगा. लाजू नका, ताठू नका. विष कोणतं ते त्यांना ठरवू द्या. मी त्यांना विचारलं, “मी रोज खातो, मला काय होत नाही?” त्या म्हणाल्या, “तुम्हाला होतंय, हळू होतंय.” त्याचा राग अजून आहेच.

तुम्ही म्हणाल, घरातलं काम बंद केलं असेल. कसं करणार? मग मी गल्लीत दारोदार जाऊन सांगितलं की सुपाजवळ पोर ठेवू नका. बायका हसल्या. सखूबाई म्हणाली, “आबा, आमची सगळी पोरं सुपाशीच वाढली. तुमचंच नाजूक निघालं.” मी तिला दवाखान्याचा कागद दाखवला. तिला वाचता येत नाही, मला धड वाचता येत नाही. भांडण तेवढ्यावर राहिलं.

तेव्हा मी एक ठरवलं. विड्यांचं काम चालू असेल तोवर सागर माझ्याकडं. त्याला काखेत मारून मी चौकातल्या पारावर जाऊन बसायचो. आमच्याकडं पुरुष माणूस असा पोर घेऊन बसत नाही. पत्ते खेळणारे म्हणायचे, “काय आबा, दूध पण पाजता का?” मी म्हणायचो, “तू ये, तुला पाजतो.” चार दिवस हसले, मग त्यांनाच कंटाळा आला.

पावसाळा सरता सरता एका सकाळी सखूबाई पारावर आली. कडेवर तिची नात, रांगायच्या वयाची. माझ्याकडं न बघता तिनं पोरगी माझ्याशेजारी ठेवली. “आबा, जरा बघा. आणि तोंडात काय घालू देऊ नका हां, आजकाल लय जपावं लागतंय,” असं मलाच बजावून निघून गेली.

मला सांगते. मी पोरगी उचलून मांडीवर घेतली, आणि आधी तिच्या दोन्ही मुठी उघडून पाहिल्या.