पंगतीएवढं घर

घर जळालं की राख दोन दिवसांत उचलून होते, किस्से मात्र वर्ष झालं तरी संपत नाहीत! अंगणवाडीत खिचडी शिजेपर्यंत पाड्यातल्या बायका माझ्याच घराची गोष्ट मला सांगायला लावतात, आणि मी काही विसरले की मलाच दुरुस्त करतात. अंगणवाडीची ताई मी, पण त्या वेळी विद्यार्थीही मीच.

सूर्यमाळच्या वरच्या पाड्यावर आमचं घर. चारी बाजूंनी राखीव जंगल. चैत्रात आमचे हे राब भाजत होते, म्हणजे भाताची रोपं जिथे करायची त्या जागेवर पालापाचोळा पसरून पेटवत होते. दरवर्षीचंच काम. त्या दुपारी वारा फिरला आणि ठिणगी उडाली ती थेट घराला टेकवलेल्या पेंढ्यावर. पाड्याने यांना अजून सोडलेलं नाही. "राबापेक्षा घरच बरं भाजलंस रं!"

* * *

चैत्रात आमच्याकडे विहिरीचा तळ दिसतो. प्रत्येक घरात प्यायच्या पाण्याचे दोन हंडे, तेही झाकून जपलेले. त्या दुपारी पाड्यातला एकेक हंडा आमच्या घरावर रिकामा झाला. उद्या काय प्यायचं, असं कुणीही म्हणालं नाही.

सगळ्यात शेवटी ठकीमावशी आली. सत्तरीची बाई, डोक्यावर भरलेला हंडा. तोवर आग विझली होती.

"विझली व्हय? मंग या पाण्याचा चहा करू. माणसं दमलीत."

"अगं मावशी, चूल कुठं राहिलीय?" मी रडतच म्हणाले.

"चूल कशाला? इस्तव आयता हाय की!"

माझ्या घराच्या निखाऱ्यांवर चहा झाला. मी रडतही होते आणि चहाही पीत होते. एवढा गोड चहा नंतर कधी लागला नाही.

* * *

जंगलाच्या हद्दीत घर परत बांधता येतं, पण होतं तिथेच आणि होतं तेवढंच. म्हणून जंगल खात्याचे गार्डसाहेब टेप घेऊन आले. कोवळा माणूस, नुकताच बदलून आलेला.

"किती लांब होतं घर?"

"पुरत होतं," आमचे हे म्हणाले.

कुणालाच आकडा माहीत नव्हता. तेव्हा ठकीमावशी पुढे झाली. "हिच्या पोरीच्या हळदीला पडवीपासून मागल्या भिंतीपर्यंत एका ओळीत अठरा माणसं बसली व्हती. मीच वाढत व्हते."

गार्डसाहेबांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "बोलवा अठरा माणसं."

माणसं बसली, तिथेही वाद! लक्ष्मणकाका तेव्हा चांगले जाडजूड होते, आता आजारपणाने वाळलेत. म्हणजे आमचं घर वीतभर कमी भरणार! शेवटी काकांना मांडी ऐसपैस घालून बसवलं. टेप लागली, कागदावर आकडा आला.

"झालं, उठा आता."

कुणी हललं नाही. काका म्हणाले, "सायेब, पंगतीतून उपाशी उठत नसतात!"

मग काय! पाच घरांतून नागलीच्या भाकरी आल्या, आणि वाढायला कोण, तर गार्डसाहेब.

* * *

कारवीच्या भिंती पाड्याने उभ्या केल्या. त्यात माझा भाचा काशिनाथ ठाण्याहून रजा काढून आला. तिकडे तो बिल्डिंगच्या साईटवर असतो. आला तो पिवळं हेल्मेट घालून! आमचं घर हात वर केला तर वळचणीला लागेल एवढं.

"अरे, कुठला बाविसावा मजला चढतोयस?" बायका हसून हसून लोळल्या.

"टेन्शन नहीं लेने का," एवढंच म्हणून तो कामाला लागला. तेवढ्यात रचलेल्या ढिगावरून एक कौल घसरलं आणि बरोब्बर त्याच्या डोक्यावर फुटलं. काशिनाथला काही झालं नाही. त्याने शांतपणे कौलाचे तुकडे झटकले.

दुसऱ्या दिवशी भिंती लिंपायला आलेल्या सगळ्या बायकांनी डोक्यावर घमेली उपडी घातली होती.

* * *

एवढं सगळं झालं आणि मधल्या खांबापाशी गाडी अडली. जुना खांब जळून कोळसा झालेला. जंगलातलं झाड तोडायचं तर परवानगी हवी, तिला वेळ लागणार, आणि पाऊस तोंडावर. खांब नाही तर छप्पर नाही.

एका सकाळी अंगणात सागाचा जुना खांब पडलेला. कमरेच्या उंचीवर दावं घासून पडलेली खोल खाच. पाड्याने बघताक्षणी ओळखला. माझ्या मोठ्या दिरांच्या गोठ्यातला! त्यांचं घर पन्नास पावलांवर, पण बांधावरच्या एका आंब्यावरून दोघा भावांत नऊ वर्षं शब्द नाही. तो आंबाही कधीच वाळून गेला.

गार्डसाहेब चौकशीला गेले. दीर म्हणाले, "गोठा मोडायचाच व्हता." गोठ्याच्या भिंती तर महिन्यापूर्वीच लिंपल्या होत्या. साहेबांनी त्या भिंतींकडे बघितलं, कागदावर 'जुनं लाकूड' लिहिलं आणि निघाले. देव त्यांचं भलं करो.

पावसाच्या दोन दिवस आधी कौलं चढली. खांब उभा करायला सगळा पाडा होता, फक्त दीर आले नाहीत.

नव्या घरातली पहिली संध्याकाळ. मी दिवा लावतेय तोच घुंगरं वाजली आणि दिरांचा बैल पवळ्या सरळ दारातून आत आला. खांबापाशी जाऊन उभा राहिला आणि दावं बांधायला मान पुढे केली!

मागोमाग दीर उंबऱ्याबाहेर येऊन थांबले.

"बैल आलाय माझा."

"आत हाय," आमचे हे म्हणाले.

दीर आत आले. मी चहा ठेवला. खांबाला टेकून त्यांनी तो प्यायला, आणि बैल घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला दीर परत दारात.

"पवळ्या आलाय का इकडं?"

पवळ्या समोर त्यांच्याच अंगणात बांधलेला दिसत होता. आमच्या यांनी तिकडे बघितलं आणि घोंगडी अंथरली.

"येईलच आता. बस तवर, दादा."