सांगमो आनेची गोफण

सांगमो आमच्या वस्तीची मुखिया. सगळे तिला आने म्हणतात, म्हणजे आत्या. तिला मुखिया केलं ते कौतुकापोटी नव्हे. शाळेसाठी तंबूतंबूंतून भांडत फिरायला एकही बाप्या तयार नव्हता, म्हणून केलं. हिवाळी घरांपाशी मातीच्या ढेकळांची एक खोली आम्हीच रचली, मास्तर आणला, चूल आणली, आणि पोरंच येईनात! एकेकाच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटायचं.

सगळ्यांत आडमुठा तामदिन. कळप मोठा, अक्कल बेताची. त्याची पोरगी लुमो वर्गात सगळ्यांच्या पुढे. पण बर्फ वितळल्याबरोबर त्याने तिला वरच्या कुरणात नेऊन मेंढ्यांमागे लावलं. मास्तर म्हणाला, हा उन्हाळा बुडाला तर खालच्या गावच्या मोठ्या शाळेत तिला घेणार नाहीत.

आने तडक तामदिनच्या तंबूत गेली. मी सोबत होते. चुलीच्या ज्या बाजूला बायका बसतात ती सोडून ती थेट पुरुषांच्या बाजूला जाऊन बसली.

"आने, बाजू चुकली तुझी," तामदिन म्हणाला.

"चुकली नाही. मुखिया इथेच बसतो. पोरीला शाळेत पाठव."

"आणि मेंढ्या कोण राखणार? तू?"

"हो, मी. आण ती गोफण."

तामदिन पोट धरून हसला. लुमोच्या हातातली गोफण घेऊन त्याने आनेपुढे टाकली. म्हातारीचे गुडघे चार दिवसांत हात टेकतील असा त्याचा हिशोब. लुमो त्याच दिवशी खाली गेली, मागे वळूनही न बघता.

गुडघे दुखले. आनेने लक्ष दिलं नाही. मुखिया तामदिनकडे गडी झाली म्हणून अख्खी वस्ती खिदळली, तर ती म्हणाली, "हसा. हसून झालं की पोरं पाठवा."

आता, जो ज्याचा कळप राखतो तो त्याच्याच चुलीपाशी जेवतो, ही आमची रीत. आणि मुखिया जिथे, तिथे वस्तीचा कारभार. कुणाचा याक हरवला, कुणाची सोयरीक फिसकटली, कुरणाच्या हद्दीवरून कुणाची जुंपली, संध्याकाळ झाली की सगळे तामदिनच्या तंबूत हजर. आलेल्याचा पेला रिकामा ठेवायचा नाही, हीसुद्धा रीतच. तामदिनची बायको यांगजोम चहा ओतून ओतून थकली. चहात घालायचं लोणी संपत आलं, सातूच्या पिठाचं पोतं रोडावलं. लोक मुद्दाम रेंगाळायचे. मीही रेंगाळायचे, खोटं कशाला बोलू? त्या तंबूतला चहा मला फारच गोड लागायचा.

शेवटी एकदा सगळ्यांदेखत यांगजोमने किटली आपटली. "अहो, उद्यापासून मेंढ्या तुम्ही राखा. नाहीतर चहा तुम्ही ओता!"

तामदिन आनेजवळ सरकला. "पुरे कर आता. घरी जा. मी राखतो मेंढ्या."

"आणि पोरगी?"

"राहू दे खालीच."

"मोठ्याने बोल. गुडघ्यांबरोबर कानही गेलेत माझे."

"लुमो शाळेतच राहील!" तो ओरडला. बाहेरची कुत्रीसुद्धा भुंकायला लागली.

आने उठली आणि तिने गोफण कमरेला गुंडाळली.

"ती माझी आहे," तामदिन म्हणाला.

"होती. माझी मजुरी समज."

लुमो मोठ्या शाळेत गेली. पुढच्या वसंतात पालदेनने आपली दोन पोरं शाळेतून काढून मेंढ्यांमागे लावली. कळताच आने काठी टेकत निघाली, कमरेला गोफण. आम्ही अर्धी चढण चढलो नाही तोच पालदेनची बायको तंबूबाहेर धावत आली.

"आने, वर येऊ नकोस गं! तिथेच थांब, निघाली पोरं!"

खरंच, दोघं तोंडातला घास चावत आमच्या बाजूने धडाधड खाली पळाली. मी वळले. आने मात्र वरच चालत राहिली.

"अगं, गेली ना पोरं?" मी म्हटलं.

"गेली ना. पण एवढी चढून आलेय," ती म्हणाली, "चहा पिऊनच जाईन. पुरुषांच्या बाजूला बसून."