चादरी वाळायची खोली

कपाटातून चादर काढली की कांबळे सिस्टर ती आधी गालाला लावून बघायच्या. हाताला ओल कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. "हात दिवसभर पान्यात आसतोय, त्येला काय कळतंय? गालाला बरोबर समजतंय." गालाला गार लागली की ती चादर बाजूला पडायची. पावसाळ्यात हा बाजूचा ढीगच मोठा असे. मग नाइलाजाने त्याच ढिगातून त्यातल्या त्यात बरी निवडून सिस्टर ती बाळंतिणीच्या खाटेवर घालत. घालताना त्यांचा चेहरा बघवत नसे.

मी आर्किटेक्ट आहे. कोल्हापुरात ऑफिस आहे आणि बरीच वर्षं मुख्यतः दवाखानेच बांधतो आहे. गगनबावड्याच्या वाटेवर एका ट्रस्टसाठी बाळंतपणाचं लहानसं रुग्णालय मी केलं, त्या वेळी मला पर्यावरणपूरक इमारतींचं नुकतंच वेड लागलं होतं. सिस्टर तिथल्या इनचार्ज. हातकणंगल्याच्या बाई, पण नोकरीचा सगळा काळ त्या पावसात काढलेला.

ट्रस्टच्या मीटिंगमध्ये मी नकाशे पसरले आणि सांगायला सुरुवात केली. एसी लागणार नाही. दिवसा दिवा लावावा लागणार नाही. वॉर्डच्या दोन्ही बाजूंना विटांची जाळी, तिच्यातून वारा खेळेल, इमारत श्वास घेईल. तेव्हा आम्ही सगळेच सेमिनारमधून 'इमारत श्वास घेते' असं म्हणत फिरायचो. विश्वस्त माना डोलवत होते. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून सिस्टरांनी विचारलं, "आनि चादरी कुठं वाळणार?"

सगळे हसले. मीही हसलो.

"गच्चीवर," मी म्हणालो.

"आनि जूनमधी?"

"वॉर्डमध्येच कडेला दोऱ्या बांधा की. जाळीतून वारा येणारच आहे."

"तिथं वारा येत न्हाय, पावणं. ढग येतोय."

बाई जरा वाढवून सांगतायत असं वाटून मी पुढचा नकाशा उघडला. मी आर्किटेक्ट आहे हे त्यांना दोनदा सांगून पाहिलं, पण पुढे त्या मला कायम 'इंजनेर सायेब' म्हणाल्या. त्या दिवशी मात्र मी पावणंच होतो, आणि ते बरोबरच होतं.

पहिल्याच पावसाळ्यात त्यांचा फोन आला. "इंजनेर सायेब, तुमची इमारत हिरवी झाली की."

मला वाटलं कौतुक आहे. "थँक्यू, सिस्टर."

"थँक्यू काय करताय? शेवाळ आलंय भितीवर. या बघायला."

गेलो. घाटातला ढग खरोखरच जाळीतून आत येऊन खाटांवर बसला होता. भिंती शेवाळल्या होत्या. दोन खाटांमध्ये दोऱ्या बांधून त्यांवर बाळांचे लंगोट टाकले होते, आणि ते दोन दिवस झाले तरी वाळले नव्हते. टाके घातलेल्या बायका दमट चादरींवर पडून होत्या. जाळीवर सिस्टरांनी बाहेरून निळं प्लास्टिक ठोकून घेतलं होतं. खरं सांगायचं तर मला आधी ते प्लास्टिक दिसलं, बायका नंतर दिसल्या. माझी जाळी झाकली म्हणून मी तोंड वाकडं केलं. सिस्टरांनी ते पाहिलं. मला हाताला धरून त्यांनी मागच्या बाजूला नेलं.

तिथे अंघोळीचं पाणी तापवायचा बंब होता. घरच्या बंबासारखाच, पण टाकीएवढा मोठा, लाकडावर चालणारा. पहाटेपासून दुपारपर्यंत पेटता असायचा आणि त्याचं लोखंडी धुराडं सरळ आभाळात गेलं होतं.

"हात लावू नका, भाजंल," सिस्टर म्हणाल्या. "एवढी ऊब वर कुनासाठी सोडलीया? ह्येच्या भवतीनं खोली बांधा. धुराडं मधनं जाऊ दे. मी दोऱ्या बांधतो. आमच्या आईनं चार लेकरांचं लंगोट चुलीवरच्या दांडीवर वाळवल्यात, एक पोरगं आजारी पडलं न्हाय." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'येतो, जातो, बांधतो' असंच बोलतात, आणि सिस्टर बोलायच्या तेव्हा तर त्या आत्ता पदर खोचून विटा उचलतील असं वाटायचं.

हीच गोष्ट सेमिनारमध्ये आम्ही 'वाया जाणाऱ्या उष्णतेचा पुनर्वापर' अशा नावाने तासभर सांगितली असती. तिथेच एका कोऱ्या केसपेपरच्या मागे मी खोली काढली: धुराडं मध्ये, वर झरोका, खाली हवा आत यायला भोकं. सिस्टरांनी तो कागद दोनदा बघितला. "दार मोठं करा, ढीग घिऊन शिरायचं आसतंय," एवढंच सुचवलं. पुढच्या पावसाच्या आत करून देतो, असा शब्द मी दिला.

तो शब्द मी पाळला नाही. कारण असं झालं की त्याच सुमारास इमारतीला पर्यावरणपूरक असल्याचं प्रमाणपत्र मिळण्याची प्रक्रिया सुरू होती. मध्येच खोली वाढवली तर सगळे नकाशे पुन्हा दाखल करावे लागणार होते. विश्वस्तांनी मला विचारलं, काय करू या? आधी प्रमाणपत्र हातात येऊ दे, असं मीच सांगितलं.

पुढच्या श्रावणात तपासणीला पाहुणे यायचे ठरले. मी सिस्टरांना फोन केला. प्लास्टिक फक्त दोन तास काढायचं आहे, म्हणालो.

"काढा," त्या म्हणाल्या. "मी बायकांस्नी आत हलवतो."

पाहुणे आले, फिरले, खूश झाले. ढग जाळीतून तिरपा आत येत होता, खाटा मोकळ्या होत्या, आणि काय सांगू, दृश्य सुंदर दिसत होतं. फोटो काढले गेले. त्यातला एक पुढे मासिकात छापून आला आणि अजूनही लोक मला त्यावरून ओळखतात. पाहुणे चहाला गेल्यावर मी आतल्या सामानाच्या खोलीचं दार उघडलं. जमिनीवर गाद्या टाकून सहा बाळंतिणी लेकरांना पोटाशी धरून दाटीवाटीने बसल्या होत्या. सिस्टर टेबलाशी उभ्या राहून इस्त्रीने चादरी वाळवत होत्या. एक झाली की गालाला लावायच्या आणि दुसरी घ्यायच्या. वाफेने त्यांचा चष्मा पांढरा झाला होता.

"झालं का तुमचं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मग प्लास्टिक ठोकाय मानूस लावून द्या."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मला त्या वेळी लाज वाटली, आणि ती लाज घेऊन मी पाहुण्यांबरोबर जेवायलाही गेलो.

प्रमाणपत्र आलं. खोलीचं घोडं मात्र अडलं ते अडलंच. ट्रस्टचे विश्वस्त बदलले, नव्यांना ते सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागणार होतं, आणि मला दुसरी कामं मिळाली. दर मे महिन्यात सिस्टरांचा फोन यायचा. "खोलीचं काय झालं, सायेब?" मी म्हणायचो, बघतो. त्या म्हणायच्या, "बघा." एकदा म्हणाल्या, "मी न्हाय दमलो. सांगून सांगून त्वांड दमलंय." त्यानंतरच्या मे महिन्यात फोन आला नाही. त्या निवृत्त होऊन हातकणंगल्याला परत गेल्याचं मला दुसऱ्याकडून कळलं.

आता मी स्वतःच दमलो आहे. शाश्वत, हरित, निसर्गस्नेही हे शब्द ऐकले की मला जांभई येते. तरी दोन वर्षांपूर्वी चंदगडच्या बाजूला एक रुग्णालय करायला घेतलं, तिथेही पाऊस तसलाच, तेव्हा नकाशावर पहिली रेघ मी त्या खोलीची ओढली. बंब, मधून धुराडं, मोठं दार. काम झाल्यावर सिस्टरांना घरून गाडीत घेऊन गेलो. त्यांचे गुडघे गेले होते. वाटेत त्यांनी विहारात चाललेल्या मुलींच्या शिवणवर्गाबद्दल सांगितलं, खिडकीतून काजूच्या बागा बघितल्या. खोलीबद्दल काही विचारलं नाही.

भर जुलै होता. बाहेर धो धो पाऊस, आणि खोलीत दोरीवरच्या चादरी खडखडीत वाळलेल्या. सिस्टर दोऱ्यांमधून हळूहळू शेवटपर्यंत चालत गेल्या आणि उबेत डोळे मिटून थोडा वेळ उभ्या राहिल्या.

"झ्याक झालंय," त्या म्हणाल्या.

मला शाळेत शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं. आणखी काही म्हणतील म्हणून मी थांबलो.

"हितल्या बायकांचं बरं झालं. माझ्या बायका तेवढ्या वल्यातच झोपल्या."

"तिथंही करायची आहे, सिस्टर," मी घाईने म्हणालो.

"कवा?"

टोमणा नव्हता तो. त्यांनी पिशवीतून छोटी डायरी काढली, पेनाचं टोपण दातात धरून काढलं. "तारीख सांगा. लिवून ठिवतो."

मी उगाच मोबाइलमध्ये बघितलं आणि दिवाळी झाल्यावर, असं सांगितलं. त्यांनी ते एका ओळीत नीट लिहून घेतलं, डायरी पिशवीत ठेवली आणि गाडीकडे चालायला लागल्या.

दिवाळीच्या आधीच त्या गेल्या. मी हातकणंगल्याला जाऊन आलो. त्यानंतर एक दिवाळी झाली, एक पावसाळा झाला. खोली अजून झालेली नाही. कारणं माझ्याकडे भरपूर आहेत. सिस्टरांनी ती कधीच विचारली नाहीत, त्यांना फक्त तारीख हवी होती.