मावशीची गाठ आणि भाच्याचा चहा

भाच्याने ऑपरेशनच्या सकाळी मावशीला चहा पाजला. चांगला कपभर, दूध-साखर घालून. पोट रिकामं ठेवा, असं डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही बजावलं होतं. पण त्या घरात चहाला खाण्यापिण्यात धरायची पद्धतच नव्हती. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मावशी प्रामाणिकपणे म्हणाली, "काही नाही घेतलं हो, नुसता चहा." झालं! ऑपरेशन परवावर गेलं.

"भुलीत पोटातलं वर येऊन फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेततं," डॉक्टरीणबाई भाच्याला म्हणाल्या. "आता परवा यांना परत आणायचं काम तुमचं."

काम सोपं नव्हतं. मावशी शिवणकाम करायची. गल्लीतल्या प्रत्येकीची कंबर तिला तोंडपाठ, स्वतःची सोडून. कित्येक महिने पोट फुगलेलं, दोन घासांत भरलेलं. एका बाजूला जड ओढ. मशीनवरून सारखं लघवीला उठणं. पाळी तर लहर लागेल तेव्हा. बाईने आपल्याच कपड्यांची शिवण उसवून सैल केली आणि दोष कापडाला दिला, आटलं म्हणे! शेवटी सोनोग्राफीत अंडाशयावर संत्र्याएवढी गाठ निघाली. दिसायला साधी, पाण्याची; पण एवढी मोठी गाठ पीळ खाऊन बसली तर अचानक असह्य कळा, उलट्या, आणि अंडाशयही हातचं जायचं.

घरी येताच मावशी मशीनवर बसली. "देवाच्याच मनात नाही रे."

"देवाचा काय संबंध? चहा मी केला होता."

"तुला बुद्धी कोणी दिली?"

"आणि गाठीला पीळ पडला तर?"

"तेव्हा बघू."

बराच वेळ मशीन चाललं, मग थांबलं. "जन्मभर मी दुसऱ्यांचं कापलं," ती म्हणाली. "माझं कोणीतरी मी झोपेत असताना कापणार. मला बघताही येणार नाही."

भाच्याने डॉक्टरीणबाईंना फोन लावून तिच्या कानाला धरला.

"बाई, कापणार कुठे?"

"बेंबीपाशी एक छोटं छिद्र, खाली दोन-तीन. दुर्बिणीतून बघत काम करतो."

"एवढ्याशा भोकातून संत्रं निघायचं कसं?"

"आत पिशवीत घालतो, पाणी ओढून घेतो, मग पिशवी बाहेर."

मावशीने जरा विचार केला. "बरोबर. मोठं कापलं की शिवण ओढते." फोन ठेवून तिने नखांवरचं नेलपॉलिश पुसायला घेतलं; ऑपरेशनला ते चालत नाही, असं सांगितलं होतं. भाच्याने चहाचा डबा शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवला.

ठरल्या दिवशी ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी सिस्टरने तिचे केसांतले आकडे काढले. बुडत्याला काडी मिळावी तसं मावशीला झालं. "मोकळ्या केसांनी मी नाही जात बाई! आज राहू दे."

सिस्टरने स्वतःच्या अंबाड्यातला कापडी रबर ओढला, मावशीचे केस बांधले. "जाताना परत द्या हं, काकू. माझा आवडता आहे." आता सबब उरली नाही. मावशी आत गेली.

गाठ निघाली, तपासणीतही साधीच ठरली. टाके दाखवायला मावशी तो रबर घालूनच गेली आणि घालूनच परत आली. भाचा आठवण करून देतो. "देईन रे," मावशी म्हणते, "ती मेली सिस्टर काय पळून चाललीय?"